ऑनलाइन डायनॅमिक कॅम्पेन उभं करताना: नाशिकच्या सिम-वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओझर, देवळाली कॅम्प, सिडको, गंगापूर रोड, निफाड अशा ठिकाणांहून रात्री फ्लाइट सिम्युलेटरवर ऑनलाइन एकत्र उडणाऱ्या आमच्या गटात नवा माणूस आला, की पहिल्या आठवड्यात बहुतेक हेच प्रश्न विचारतो. दर वेळी चॅटवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. भर डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेमवर आहे, कारण आमचं बहुतेक उड्डाण त्यातच होतं. फाल्कन बीएमएस आणि आयएल-२ या तशाच दुसऱ्या गेमांचं गरजेपुरतं दिलं आहे.

डायनॅमिक कॅम्पेन म्हणजे नेमकं काय? साध्या मिशनपेक्षा त्यात वेगळं काय?

साधं मिशन कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्यातलं क्षेपणास्त्राचं ठाणं दर वेळी त्याच टेकडीमागे असतं आणि तुम्ही ते शंभरदा उडवलंत तरी पुढच्या वेळी ते तिथेच उभं असतं. डायनॅमिक कॅम्पेनमध्ये आज जे घडलं ते उद्या तसंच राहतं. आज शत्रूचं दारूगोळ्याचं कोठार उडवलं, तर उद्या आघाडीवर त्याचे रणगाडे कमी दिसतात. आज घाईत आपली चार विमानं गेली, तर उद्या तळावर ती चार नसतात.

फरक एवढाच, पण त्याने उडण्याची पद्धतच बदलते. लक्ष्य टिपण्याइतकंच विमान परत आणणं महत्त्वाचं होतं. इंधन कमी असताना "अजून एक फेरी मारू" म्हणणारा माणूस दुसऱ्या आठवड्यापासून वेळेवर माघारी वळायला लागतो. १९९८ साली आलेल्या फाल्कन ४.० या गेमने हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवला आणि आजही कुठल्याही डायनॅमिक कॅम्पेनची तुलना त्याच्याशीच होते.

डीसीएस, फाल्कन बीएमएस की आयएल-२? सुरुवात कशाने करावी?

गटातल्या सगळ्यांना एफ-१६ मनापासून आवडत असेल आणि जुने-साधे पीसी जास्त असतील, तर फाल्कन बीएमएस. ते मोफत आहे, फक्त मूळ फाल्कन ४.० विकत घेतलेलं असावं लागतं आणि ते स्वस्तात मिळतं. त्याचं युद्ध खऱ्या अर्थाने सलग चालतं. तुम्ही उडत असताना कोरियाच्या दुसऱ्या टोकाला पायदळ सरकत असतं, पूल पडत असतात. खेळाडूंच्या जवळच्या तुकड्या खऱ्याखुऱ्या त्रिमितीत उतरतात आणि लांबच्या तुकड्यांचं युद्ध आकडेमोडीने चालतं, म्हणून एवढा पसारा साध्या संगणकालाही झेपतो.

कुणाला हेलिकॉप्टर हवं, कुणाला मिग, कुणाला हॉर्नेट अशी खिचडी असेल तर डीसीएस. दुसऱ्या महायुद्धाची ओढ असलेल्यांनी आयएल-२ ग्रेट बॅटल्स आणि त्याबरोबर पीडब्ल्यूसीजी हा कॅम्पेन जनरेटर घ्यावा. त्यात को-ऑप, म्हणजे सगळ्यांनी एकाच बाजूने खेळायची, मिशन तयार होतात.

डीसीएसमध्ये तयार डायनॅमिक कॅम्पेन मिळतं का?

डीसीएस बनवणाऱ्या ईगल डायनॅमिक्सने स्वतःच्या डायनॅमिक कॅम्पेनची घोषणा फार पूर्वी केली. पण खेळाडूंनी त्याची वाट न पाहता आपली साधनं बनवली आणि आज गट चालतात ते त्यांच्याच जोरावर. त्यात दोन प्रकार आहेत.

पहिला टर्नचा, म्हणजे एकेका पाळीने पुढे सरकणारा. डीसीएस लिबरेशन आणि त्यातून पुढे निघालेलं डीसीएस रेट्रिब्युशन हे डीसीएसच्या बाहेर चालणारे प्रोग्रॅम आहेत. नकाशा, तळ, पैसा, स्क्वाड्रन सगळं त्यात असतं. ते मिशनची फाइल तयार करतात, आपण ती डीसीएसमध्ये उडवतो आणि निकाल परत त्यांना देतो.

दुसरा सलग चालणाऱ्या मिशनचा. प्रीटेन्स, फूटहोल्ड ही त्यातली नावं. एकच मिशन सर्व्हरवर चालू राहतं, स्थिती आपोआप जतन होते आणि कुणीही कधीही येऊन उडू शकतो.

ठरलेल्या रात्री ठरलेली माणसं जमत असतील तर रेट्रिब्युशन घ्या. कुणी संध्याकाळी सातला, कुणी मध्यरात्री येणार असेल तर प्रीटेन्स किंवा फूटहोल्ड. आमचा कल पहिल्याकडे आहे, कारण टर्नच्या आधी सगळ्यांनी नकाशावर बसून जो वाद घालायचा असतो, त्यातच निम्मी मजा आहे.

रेट्रिब्युशनच्या एका टर्नमध्ये काय काय होतं?

कॅम्पेन नवं सुरू करताना नकाशा, दोन्ही बाजूंच्या फॅक्शन (कोणतं सैन्य, कोणती विमानं), सुरुवातीचा पैसा आणि उत्पन्नाचा गुणक ठरवायचा. मग नकाशा उघडतो. आपले तळ निळे, शत्रूचे लाल, मध्ये आघाडीची रेषा. दर टर्नला उत्पन्न येतं. त्यातून विमानं घ्यायची, रणगाडे घ्यायचे, मोडलेली ठाणी दुरुस्त करायची. घेतलेलं विमान लगेच हातात पडत नाही, त्यामुळे पुढच्या टर्नचा विचार याच टर्नला करावा लागतो. जमिनीवरच्या तुकड्या मिळण्यासाठी कारखाना शाबूत हवा. आघाडीवर किती तुकड्या उतरवता येतील हे दारूगोळ्याच्या कोठारांवर ठरतं. म्हणून नवा कमांडर नेहमी थेट आघाडीवर बॉम्ब टाकायला धावतो आणि मुरलेला कमांडर मागच्या कोठारांचा नकाशा उघडतो.

त्यानंतर उड्डाणांची आखणी. संगणक स्वतः एक आराखडा देतो. गस्त, रडारठाण्यांवरचे हल्ले, आघाडीवरची मदत, धावपट्टी फोडणं, सोबतीची लढाऊ विमानं असं सगळं त्यात असतं. तो आराखडा वाईट नसतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. आपली माणसं कोणत्या उड्डाणात बसणार ते ठरवून त्या जागा खेळाडूंसाठी राखून ठेवायच्या. उरलेली विमानं संगणक उडवतो. इंजिन थंड असताना सुरुवात करायची की गरम, हेही इथेच ठरतं. कामावरून दमून आलेल्या माणसांसाठी गरम इंजिन बरं.

'टेक ऑफ' दाबलं की मिशनची फाइल तयार होते. ती सर्व्हरवर चढवायची, उडायचं, सगळे उतरले की मिशन थांबवायचं. कोण पडलं, काय फुटलं याची नोंद 'स्टेट डॉट जेसन' नावाच्या फाइलमध्ये असते. ती रेट्रिब्युशनला दिली की आघाडी सरकते, हिशेब होतो आणि पुढचा टर्न उभा राहतो.

निकाल नोंदलाच जात नाही. काय चुकलं असेल?

दहातल्या नऊ वेळा कारण एकच: 'मिशनस्क्रिप्टिंग डॉट एलयूए'. ही फाइल डीसीएस जिथे बसवलंय त्या फोल्डरमधल्या 'स्क्रिप्ट्स'मध्ये असते. सुरक्षेसाठी डीसीएस मिशनमधल्या स्क्रिप्टला संगणकावरच्या फाइल लिहू देत नाही. निकाल लिहायचा तर 'ओएस', 'आयओ' आणि 'एलएफएस' यांना अडवणाऱ्या ओळींच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा टाकून त्या बंद कराव्या लागतात. डीसीएसचं अपडेट आलं की ही फाइल पुन्हा मूळ रूपात जाते, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर ती तपासायची.

हा बदल फक्त होस्टच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याच्या, मशीनवर लागतो, बाकी खेळाडूंनी काही करायचं नाही. आणि एक गंभीर गोष्ट: हे दार उघडं असताना त्या मशीनवर कुठूनही उतरवलेलं अनोळखी मिशन चालवू नका. त्या मिशनमधली स्क्रिप्ट तुमच्या फाइलपर्यंत पोहोचू शकते. शक्य असेल तर सर्व्हरसाठी वेगळं मशीन ठेवा, ज्यावर घरचे फोटो किंवा बँकेचं काम नाही.

पोर्ट उघडले तरी मित्रांना माझा सर्व्हर सापडत नाही. का?

डीसीएसला १०३०८ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी लागतो. एसआरएस या बोलण्यासाठीच्या रेडिओ प्रोग्रॅमला ५००२, तोही दोन्हींसाठी. फाल्कन बीएमएसला यूडीपीचे २९३४ आणि २९३५. राउटरमध्ये हे पोर्ट सर्व्हरच्या मशीनकडे वळवा, विंडोज फायरवॉलमध्ये परवानगी द्या आणि त्या मशीनचा घरातला आयपी पक्का करून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पोर्ट भलत्याच मोबाइलकडे वळलेले असतील.

एवढं करूनही चालत नसेल, तर तुमचं कनेक्शन सीजी-नॅटच्या मागे असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती फायबरवर हे सर्रास असतं. एकच सार्वजनिक आयपी कंपनी अनेक घरांत वाटते, त्यामुळे बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी बघा आणि ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधून जो दिसतो तो बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर सीजी-नॅट आहे. राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी हे सुटत नाही, त्यामुळे त्यात रात्र घालवू नका.

उपाय तीन. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घेणं हा सगळ्यात सरळ. झीरोटीअरसारखं खासगी नेटवर्क लावणं हा मोफतचा: प्रत्येकाने आपल्या पीसीवर ते बसवायचं, गटाच्या नेटवर्कमध्ये यायचं आणि त्यातल्या आयपीने सर्व्हरला जोडायचं. ओळखीच्या सात-आठ जणांच्या गटाला हे पुरेसं आहे, आणि सर्व्हर सगळ्या जगासमोर उघडाही राहत नाही. तिसरा उपाय क्लाउडचा.

मग सर्व्हर घरी ठेवावा की क्लाउडवर?

डीसीएसचा डेडिकेटेड सर्व्हर (फक्त सर्व्हरचं काम करणारा प्रोग्रॅम) वेगळा आणि मोफत मिळतो. त्याला ग्राफिक्स कार्डची गरज नसते. रॅम मात्र १६ जीबीच्या खाली नको, मोठ्या कॅम्पेनला ३२ जीबी ठेवा, आणि एसएसडी हवीच.

क्लाउड घेताना लोक कोअरची संख्या बघतात आणि तिथेच फसतात. डीसीएसमध्ये संगणकाने चालवलेल्या तुकड्यांचं ओझं मुख्यतः एकाच कोअरवर येतं. आठ संथ कोअरपेक्षा चार वेगवान कोअर बरे. स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) सुरुवातीची वीस मिनिटं छान जातात, मग आघाडीवर लढाई पेटली की शत्रूची विमानं आकाशात उड्या मारायला लागतात. म्हणून घरी एखादा दोन-तीन वर्षांपूर्वीचा गेमिंग पीसी रिकामा असेल, तर आमचं मत त्याच्या बाजूने.

क्लाउडच घ्यायचा तर मुंबईतला घ्या. युरोपातल्या सर्व्हरवर नाशिकहून पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या बराच वर जातो. क्षेपणास्त्र सोडायला तो चालतो, पण हवेत इंधन भरताना किंवा लीडरच्या पंखाला पंख लावून उडताना समोरचं विमान थरथरताना दिसतं.

मिशन चालू असताना लाइट गेली तर?

वळवाचा पहिला वारा सुटला की हा प्रश्न येतोच. नुसता इन्व्हर्टर पुरत नाही, कारण तो वीज बदलायला जो क्षण घेतो तेवढ्यात पीसी बंद पडू शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा. नसेल तर पीसीसाठी वेगळा यूपीएस घ्या. राउटर आणि फायबरची छोटी पेटी यांनाही बॅकअप द्या. पीसी चालू आणि नेट गेलेलं, ही अवस्था सगळ्यात त्रासाची. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणले जात असताना फायबर तुटण्याचाही प्रश्न आहे, त्यामुळे होस्टकडे मोबाइल हॉटस्पॉटची सोय असावी, निदान गटाला निरोप देण्यापुरती.

आता कॅम्पेनचं काय होतं? निकालाची फाइल मिशन चालू असतानाच लिहिली जाते, त्यामुळे लाइट जाण्याआधीपर्यंतच्या घटना त्यात असू शकतात. फाइलची वेळ बघा. पटण्यासारखी असेल तर तोच निकाल स्वीकारा, नसेल तर तीच मिशन फाइल पुन्हा उडवा. काय करायचं हे कॅम्पेन सुरू होण्याआधी ठरवा. दोन विमानं गमावल्यावर लाइट गेली, की नियमावर एकमत होणं कठीण असतं.

आणि बॅकअप. प्रत्येक टर्नची सेव्ह फाइल, मिशन फाइल आणि निकालाची फाइल टर्नचा क्रमांक व तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर ड्राइव्हवर चढवा. एकाच नावाने सेव्ह करत राहू नका. गटाने तीन-चार महिने लढलेलं युद्ध शेवटी काही मेगाबाइटच्या फाइलमध्ये असतं. ती जपण्याचं काम एका माणसाकडे नावानिशी द्या.

सगळ्यांना किती खर्च येतो?

डीसीएस स्वतः मोफत, त्याबरोबर कॉकेशस नकाशा आणि सु-२५टी, टीएफ-५१डी ही विमानं मोफत. मारियानास नकाशाही मोफत. कॅम्पेन कॉकेशसवर ठेवलं तर कुणालाही नकाशावर पैसे घालावे लागत नाहीत. सशुल्क नकाशावर उडायचं असेल तर तो प्रत्येक खेळाडूकडे हवा, आणि कॉलेजच्या पोरांना तो भार होतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाऐवजी ईगल डायनॅमिक्सच्या साइटवरून डीसीएस घेतलं तर बऱ्याच विमानांची १४ दिवसांची मोफत चाचणी मिळते. शिवाय समुदायाने बनवलेलं ए-४ स्कायहॉक पूर्ण मोफत आहे आणि दर्जेदार आहे. रेट्रिब्युशन ते ओळखतं. फक्त उडणाऱ्या सगळ्यांनी ते बसवलेलं हवं.

सु-२५टी ला कमी लेखू नका. रडारठाण्यांवर आणि रणगाड्यांवर जाणारं हे विमान कॅम्पेनमध्ये सोन्यासारखं काम करतं.

ओझर किंवा नाशिक नकाशावर मिळेल का? मिग-२१, सुखोई?

नाशिक असलेला नकाशा डीसीएसमध्ये नाही आणि रेट्रिब्युशन नवी जमीन तयार करत नाही, ते असलेल्या नकाशावरच युद्ध मांडतं.

विमानांचं मात्र जमतं. १९६४ साली उभ्या राहिलेल्या ओझरच्या एचएएल कारखान्याने मिग-२१ बांधली, पुढे सु-३० एमकेआय बांधली. आमच्या गटात अशा घरांतली माणसं आहेत, जिथे वडील किंवा आजोबा याच हँगरमध्ये उभे राहिले. त्यामुळे २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिल्यावर मिग-२१ बिसचं कॅम्पेन लावायची मागणी आपसूक आली. डीसीएसमध्ये मिग-२१ बिसचं पूर्ण तपशिलाचं मॉड्यूल आहे.

पण ते नीट लावायचं तर काळ सांभाळा. समोर सत्तर-ऐंशीच्या दशकातली फॅक्शन ठेवा: एफ-५, मिराज एफ-१ असे प्रतिस्पर्धी. मिग-२१ चं रडार खाली, जमिनीकडे बघताना गोंधळतं आणि इंधन चटकन संपतं. समोर आमराम (लांब पल्ल्याचं रडार क्षेपणास्त्र) घेतलेली एफ-१६ उभी केली तर कॅम्पेन दोन टर्नमध्ये संपेल आणि विमानाची खरी ओळख कुणालाच होणार नाही. तळ आणि आघाडी जवळजवळ असलेलं कॅम्पेन निवडा.

किती मोठं युद्ध मांडावं?

लहान. मनात येतं त्याच्या निम्मं.

संपूर्ण कॉकेशस, दोन्हीकडे दहा-दहा तळ, विमानवाहू जहाज असं सगळं मांडावंसं वाटतं. मग काय होतं? सहा माणसं त्या पसाऱ्यात हरवून जातात. आपण जीव तोडून एक ठाणं उडवतो आणि नकाशावर काहीच हलत नाही. तिसऱ्या टर्नला दोघं येत नाहीत, पाचव्याला होस्ट एकटाच बसलेला असतो. बंद पडलेल्या कॅम्पेनांमध्ये आम्हाला सर्व्हरचा दोष क्वचित दिसतो; आपण केलेल्या कामाचा परिणाम दिसेनासा झाला की माणसं यायची थांबतात.

सहा ते आठ जणांसाठी तीन-चार तळांचं कॅम्पेन पुरे. एका रात्रीच्या उड्डाणाने आघाडी थोडी तरी सरकली पाहिजे. सर्व्हरवरचा भारही यानेच कमी होतो. सेटिंगमध्ये लांबच्या तुकड्या वगळण्याची सोय आहे, तीही वापरा. आघाडीवर हलणाऱ्या तुकड्यांची संख्या हा सगळ्यात जड भाग, ती आधी कमी करा. मिशन दोन तासांचं ठेवा.

नवशिक्याला घ्यावं का? तो आपली विमानं पाडेल.

जरूर घ्यावं. त्याला पहिल्या दिवशी रडारठाण्यावर पाठवू नका, एवढंच. गस्तीच्या उड्डाणात अनुभवी माणसाच्या मागे ठेवा किंवा आपल्या हद्दीतल्या आघाडीवर सु-२५टी द्या. त्याच्यासाठी पैसा थोडा जास्त ठेवा, उत्पन्नाचा गुणक वाढवा. ज्याच्या हातून विमान गेलं त्याला त्याच रात्री दहा मिनिटं टॅकव्ह्यूवर (उड्डाणाची नोंद पुन्हा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) बसवून काय झालं ते दाखवा, शांतपणे. तोच माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्याला दाखवतो.

पडल्यावर त्याच मिशनमध्ये पुन्हा उडता येतं का?

डीसीएस अडवत नाही. खेळाडू त्याच जागेवर पुन्हा बसू शकतो. त्यामुळे नियम गटाचा. आमच्याकडे पडलेला माणूस एकदाच परत येतो, तेही दुसऱ्या मोकळ्या विमानात. म्हणजे तो तोटाही हिशेबात धरला जातो. त्यानंतर त्याने लोटॲटसी या रडार-नियंत्रकाच्या प्रोग्रॅमवर रडार बघून इतरांना दिशा द्यायची. बरेच जण पुढे हेच काम मागून घेतात.

रेडिओवर मराठी चालतं का?

चालतं, आणि एकमेकांना सावध करायला तेच पटकन निघतं. फक्त ठरलेले छोटे सांकेतिक शब्द इंग्रजीतच ठेवा, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवर गेलात तरी अडत नाही. एसआरएस वापरा आणि प्रत्येक उड्डाणाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्या. दहा माणसं एका डिस्कॉर्ड चॅनेलवर एकदम बोलली की कुणाचंच ऐकू येत नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्टची परवानगी चालू हवी, नाहीतर एसआरएसला विमानाचा रेडिओ दिसत नाही.

कोणता वार, कोणती वेळ?

शनिवारी रात्री साडेनऊ. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये असलेल्यांचं वेळापत्रक आधी विचारा आणि त्याप्रमाणे टर्न लावा. निफाड-दिंडोरीकडच्या आपल्या माणसांची द्राक्षाची काढणी जानेवारी ते एप्रिल असते. त्या काळात त्यांच्याकडून नियमित येण्याची अपेक्षा ठेवू नका. गणपती आणि दिवाळीत सरळ सुट्टी. टर्नचं युद्ध थांबवता येतं, हा त्याचा मोठा गुण आहे. फाल्कन बीएमएसमध्ये मात्र काळजी घ्या: होस्ट कॅम्पेन चालू ठेवून जेवायला गेला, तरी युद्ध पुढे जात राहतं.

मध्येच अपडेट आलं तर?

डीसीएसचं अपडेट टाळता येत नाही, कारण सर्व्हर आणि खेळाडू एकाच आवृत्तीवर लागतात. ते शनिवारी संध्याकाळी नको, गुरुवारपर्यंत करून एक छोटी चाचणी घ्या. रेट्रिब्युशनची नवी आवृत्ती मात्र कॅम्पेन संपेपर्यंत घेऊ नका. जुनी सेव्ह नव्यात उघडेलच असं नाही. डीसीएसच्या अपडेटमुळे घ्यावीच लागली, तर आधी फोल्डरची प्रत काढा आणि जुनी आवृत्ती पुसू नका.

कॅम्पेन संपतं कधी, आणि मग सेव्ह फाइलचं काय करायचं?

शत्रूचे सगळे तळ आपल्याकडे आले, किंवा आपले गेले, की संपतं. पण निकाल स्पष्ट दिसत असेल तर शेवटचे दोन-तीन टर्न ओढत बसू नका; गटाने मत घेऊन थांबावं. हरलेलं युद्धही तसंच ठेवा. पुढचं कॅम्पेन मांडणाऱ्याला ती फाइल द्या, टर्न-टर्न उघडून बघू द्या: कुठल्या टर्नला पैसा कशावर गेला, कुठली ठाणी उशिरा फोडली. आमच्याकडे पुढचा कमांडर नेहमी वेगळा माणूस असतो. तुमची पाळी आली की फोल्डर मागून घ्या.